नखे कापलेल्या चार बायका

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ कोणी असावे, हे सांगताना एक बारीकसा तपशील येतो. चार स्त्रिया जवळ असाव्यात. त्या विश्वासाच्या, पोक्त वयाच्या आणि बाळंतपण करण्यात कुशल असाव्यात. आणि त्यांनी नखे कापलेली असावीत. रोगजंतू नावाची गोष्ट जगात कोणालाच ठाऊक नव्हती, त्या काळातले हे वाक्य आहे. चरकसंहिताही नववा महिना लागण्याआधी सूतिकागार तयार ठेवायला सांगते आणि तिथे पुष्कळ बाळंतपणे झालेल्या, मायाळू, न घाबरणाऱ्या बायका असाव्यात असे म्हणते. शल्यवैद्य पुढे येतो तो मूल आडवे आले, अडले की. सुश्रुताच्या मूढगर्भाच्या प्रकरणात तोही आधी अधिपतीची परवानगी घेतो आणि मगच शस्त्राला हात घालतो. म्हणजे घरातला जाणता हात आणि बाहेरचा शस्त्र जाणणारा हात, अशी विभागणी आपल्याकडे फार जुनी आहे. हे दोन हात एकमेकांना कधी भेटले, कधी दुरावले आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात आज कुठे येऊन मिळतात, हा माग आपण काढू.

पहिला हात सुईणीचा. कयाधू आणि पैनगंगेच्या मधल्या या मुलखात, नामदेवांच्या नरसीपासून औंढ्याच्या नागनाथापर्यंत, आंध आदिवासींच्या वाड्यांपासून बंजाऱ्यांच्या तांड्यांपर्यंत, शतकानुशतके मूल जन्माला आले ते सुईणीच्याच हातावर. बहुतेकदा ती गावकुसाबाहेरची किंवा कष्टकरी जातीची. एरवी जिला ओसरीवर चढू देत नसत, तिला त्या रात्री थेट आतल्या खोलीत नेत. मोबदला म्हणून पायलीभर ज्वारी, जमले तर लुगडे-चोळी. तिच्या बोटांना पोटावरून मुलाचे डोके चाचपता येई, कळा खऱ्या की खोट्या हे ती बाईच्या चेहऱ्यावरून सांगे, वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे. हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. ते सासूकडून सुनेकडे, हातावरून हातावर गेले. मात्र सुश्रुताने सांगितलेली कापलेली नखे वाटेत कुठेतरी हरवली. नाळ कापायला घरातला विळा असे, कापल्या जागी राख, हळद, कधी शेणही लावले जाई. बाज अंधाऱ्या खोलीत, खाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपेची धुरी, आणि पाचव्या रात्री सटवाईची पूजा. बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येणारी ही देवी याच रात्री का येते, याचा विचार केला की मन थबकते. विळ्यावरून नाळेत शिरलेला धनुर्वात जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांतच प्रकट होतो. आदल्या दिवशीपर्यंत नीट दूध पिणारे बाळ अचानक तोंड उघडत नाही, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखे ताठते. पाचवीची ती रात्र म्हणजे जगणे आणि मरणे यांच्यातला नेमका उंबरठा होता, आणि आयांनी तो ओळखला होता. कारण ठाऊक नव्हते, म्हणून दिवा लावून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून त्या जागत बसल्या.

हरवलेल्या नखांचा प्रश्न युरोपात एका रुग्णालयाने नव्याने मांडला. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक बायका मरत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने १८४७ मध्ये ताडले की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासायला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. डॉक्टरांचे हात सुईणींच्या हातांपेक्षा घातक असू शकतात, हे त्याच्या सहकाऱ्यांना सोसले नाही; त्याची उपेक्षाच झाली. पुढे आपल्याकडे ‘अडाणी दाई आणि शहाणा डॉक्टर’ अशी मांडणी दीडशे वर्षे चालली, तेव्हा व्हिएन्नाचा हा दाखला कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

आपल्या मुलखात पहिले मोठे वळण पुण्यात आले, आणि ते डॉक्टरांनी आणले नव्हते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, अशी सोय होती. सावित्रीबाई स्वतः त्यांची देखभाल करीत. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले आणि पुढे तो डॉक्टर झाला. स्त्रियांच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना या घराला सहसा समाजसुधारणेच्या प्रकरणात टाकतात. मला ते पटत नाही. बाईला लाज न वाटता, भीती न वाटता जिथे बाळंत होता येते ती जागा, हीच प्रसूतिगृहाची पहिली व्याख्या आहे. आणि ती आपल्याकडे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या तेवीस वर्षे आधी प्रत्यक्षात आली होती.

कामा रुग्णालय उघडले १८८६ मध्ये, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून. एडिथ पीची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर तिथे प्रमुख होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते, आणि बाईला बाईनेच तपासावे ही त्यांची ओढ त्या दहा दिवसांतून आली होती. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा, म्हणजे सुश्रुत-चरकांचा. मागच्या ज्ञानाला सोबत घेऊन पुढे जाण्याचा तो प्रयत्न होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षावर नेमणूक झालेली असतानाच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या क्षयाने गेल्या. वय एकवीस.

पण हिंगोली तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती. ती निजामाच्या राज्यात होती. त्यामुळे आपल्याला वाट बदलून हैदराबादला जावे लागते. तिथल्या वैद्यकीय शाळेत १८८५ मध्ये स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्यांतल्या रूपाबाई फरदुनजी १८८९ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि पुढे क्लोरोफॉर्म देण्यात इतक्या निष्णात झाल्या की जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात. क्लोरोफॉर्म सुरक्षित कसा द्यावा याचा शोध घेणारे दोन प्रसिद्ध आयोगही एडवर्ड लॉरी या शल्यविशारदाच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेतच बसले. राजधानीत ही प्रगती, आणि त्याच राज्याच्या उत्तर सीमेजवळ हिंगोली ही फौजेची छावणी. शहरातल्या पलटण, रिसाला, तोफखाना या वस्त्यांची नावे आजही त्या फौजेची आठवण सांगतात. फौजेच्या गावाला औषधपाण्याची ओळख लवकर होते, तीही शिपायांसाठी. छावणीच्या हद्दीपलीकडे खेड्यात अडलेल्या बाईपर्यंत रूपाबाईंचा क्लोरोफॉर्म कधी पोचला नाही. आमच्याकडे ‘रुग्णालय’ म्हणण्याऐवजी ‘दवाखाना’च म्हणतात. हा फारसी शब्द त्या काळाने मागे ठेवला. दवाखाना मात्र पुष्कळ उशिरा आला.

दाईला शिकवावे, हा विचार ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच सुमारास रुजत होता. लेडी डफरिन यांचा निधी १८८५ चा; त्यातून स्त्रियांसाठी दवाखाने आणि स्त्री डॉक्टर उभ्या राहिल्या. लेडी कर्झन यांनी १९०३ मध्ये काढलेला व्हिक्टोरिया स्मारक निधी खास दाईंच्या प्रशिक्षणासाठी होता. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाला प्रतिष्ठेच्या घरातल्या मुली मिळवून दिल्या, हेही थोडे नव्हे. तरी १९४६ मध्ये भोर समितीने देशाचा हिशेब मांडला तेव्हा दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता मरत होत्या, आणि साठ हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित सुईण होती. दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. पंचवार्षिक योजनांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि नर्सबाई आल्या.

या नर्सबाईने आणि शिकवलेल्या दाईने मिळून जे एक काम केले, त्याची नोंद ठसठशीतपणे करायला हवी. गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शने देणे नर्सबाईकडे, आणि स्वच्छ बाळंतपण दाईकडे. दाईला एक पुडके मिळे: साबणाची वडी, नवे ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, अंथरायला प्लास्टिकचा तुकडा. शिकवणे पाच गोष्टींचे: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळेला काही लावायचे नाही. सगळ्यांत अवघड ही शेवटची गोष्ट. राख किंवा हळद न लावता नाळ उघडी ठेवणे म्हणजे बाळाची हेळसांड, असेच घरातल्या म्हाताऱ्यांना वाटे. आणि हळद पिकवणाऱ्या वसमतच्या मुलखात, हळदीशिवाय जिथे पान हलत नाही तिथे, हे समजावणे सोपे नव्हते. ते समजावले दाईने, कारण तिचे ऐकत होते. मे २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. सटवाईची पूजा आजही होते. त्या रात्रीची जुनी भीती आता राहिलेली नाही.

या वाटेवर एक मोठा खड्डाही आहे. आणीबाणीच्या काळात कुटुंबनियोजनाचे ‘टार्गेट’ आले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. गावात येणारी नर्सबाई ‘ऑपरेशनवाली’ झाली. ती दिसली की दारे लागत. इतक्या कष्टांनी जुळलेला विश्वास दोन वर्षांत विरला आणि परत जमायला पिढी गेली.

तो परत जमवण्याची एक रीत त्याआधीच, १९७० मध्ये, मराठवाड्याच्या सीमेवर जामखेडला सुरू झाली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने दुष्काळी भागात दवाखाना काढला आणि थोड्याच काळात ओळखले की दवाखान्यात बसून गाव बरे होत नाही. मग गावांनीच आपल्यातली एकेक बाई निवडून दिली. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत, परत जात. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, हे सगळे त्या करू लागल्या. अडचणीची बाई मात्र वेळेवर डॉक्टरांकडे पाठवत. सुश्रुताच्या चार बायका आणि शल्यवैद्य पुन्हा एका वाटेवर आले ते इथे, असे मी मानतो. १९७८ च्या आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेच्या काळात जामखेडचे उदाहरण जगभर पोचले होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने मराठवाड्यातच ‘भारतवैद्य’ या नावाने गावोगावच्या बायका उभ्या केल्या.

तोवर बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण, एवढीच समज होती. ती मोडली गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरीने प्रत्येकीला तीनहून अधिक. आणि याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, अंग बाहेर येणे, हे बाईच्या जातीला असायचेच म्हणून जे सोसले जात होते त्याला रोगाचे नाव मिळाले. दोन गावांनी स्वतःला तपासू दिले, म्हणून जगाला हे कळले.

तसेच धाराशिव जिल्ह्याचे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांत, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात त्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगाच्या पाठ्यपुस्तकात गेलेले हे ज्ञान मराठवाड्यातल्या शेतमजूर बायकांच्या अंगावरून आले आहे. तुलनेसाठी काही गावे तपासणीविना ठेवली गेली, यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. मला खुपते ते वेगळेच: इतक्या वर्षांनी ही तपासणी मराठवाड्याच्या प्रत्येक उपकेंद्रात साधी गोष्ट व्हायला हवी होती.

ती झाली नाही, आणि त्या रिकाम्या जागेत काय शिरले हे बीडने दाखवले. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेली होती. पांढरे जाते, पाळीत कामाचा खाडा होतो, मुकादमाची उचल फिटत नाही, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. गडचिरोलीने ज्या दुखण्यांना नाव दिले, त्यांचाच इथे धाक घातला गेला. त्यानंतर खासगी दवाखान्यात अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची संमती घेण्याची अट आली. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे हिंगोलीच्या तांड्यांतही आहेत. त्यामुळे बीडची ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा निघून. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर वस्ती, बहुतेक खेड्यांत. अवघड केस नांदेडला, हा नियम. तिथले वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागचे तीन उशीर सांगितले: घरात ठरवायला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. हिंगोलीच्या बाईला हे तिन्ही तोंडपाठ आहेत. नवरा शेतात, सासू म्हणते थोडे थांबू, कयाधूला पूर, आणि गाडी दवाखान्यात पोचते तेव्हा भूलतज्ज्ञ नाही, रक्ताची पिशवी नाही. पहिला उशीर मोडायला २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ दिली. गावचीच सून, गावातच राहणारी. दुसऱ्यासाठी २०१४ पासून १०८ ची गाडी धावू लागली. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता मरत. २०१८-२० मध्ये ३३. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसली. त्याच पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४.२ टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी होते. आशा अजून मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसतात. सुईणीची पायलीभर ज्वारी आणि हे मानधन यांत फार अंतर पडलेले नाही, याची लाज वाटते.

तिसरा उशीर मात्र सरकारी भिंतीच्या आत राहून मोडत नाही, कारण तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ असतो तो बहुधा खासगी. म्हणून २०१६ मध्ये प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान आले, तेव्हा त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली: दर महिन्याच्या नऊ तारखेला खासगी डॉक्टरांनी आपली ओपीडी बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात विनामूल्य बसावे, असे आवाहन. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेनेही ‘मान्यता’ नावाने खासगी प्रसूतिगृहांसाठी दर्जाचे निकष घालून दिले. २०२४ मध्ये हिंगोलीला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, शंभर जागांचे. त्याची पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडायला अजून काही वर्षे आहेत. तोवर भिस्त या नऊ तारखेवर.

अशी एक नऊ तारीख डोळ्यांसमोर आणू. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात रांग, कडेला चपला, एका आशाच्या मागे पाच-सहा जणी. सातवा महिना लागलेल्या एका मुलीची पापणी डॉक्टरीणबाई खाली ओढून पाहतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतात. हिमोग्लोबिन सातच्या आत. पाय दाबला तर बोटाचा खळगा राहतो. त्या तिच्या कार्डावर लाल चिठ्ठी चिकटवतात, म्हणजे जोखमीची बाई. नांदेडला पाठवायची चिठ्ठी लिहिताना त्या विचारतात, सोबत कोण येणार? मुलगी सासूकडे पाहते, सासू मुकाट. आशा आपल्या वहीत तारीख टाकते, पेन पदराला पुसते आणि म्हणते, “मावशी, उद्या सकाळी गाडी येते. मी येते हिच्यासंग. तुम्ही घरी नातवाला बघा.” मग पुढच्या बाईला हाक मारण्याआधी डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या बेसिनशी जातात आणि दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुतात.